सहावी रात्र आणि नवजात कक्ष : केपे तालुक्यातील एका वेळीप कुटुंबाचे प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण गोव्यातील केपे, सांगे आणि काणकोण या तालुक्यांच्या डोंगराळ भागात वेळीप समाजाची मोठी वस्ती आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांचा समावेश २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे दीड लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास होती. एके काळी डोंगरउतारावर कुमेरी, म्हणजे झाडी तोडून-जाळून केलेली फिरती शेती, करून नाचणी पिकवणाऱ्या या समाजातील बरीच कुटुंबे आज काजू, भात आणि भाजीपाल्यावर जगतात, आणि तरुण मुले नोकरीसाठी रोज शहरात ये-जा करतात. हे प्रकरण अशाच एका कुटुंबाचे आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून वाड्याचे नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत. बाळ ज्या सरकारी रुग्णालयात होते तेथे मी समुपदेशक म्हणून काम करत होते आणि तेथूनच या घटनाक्रमाशी माझा संबंध आला.

वाड्यावर पंधरा-वीस घरे आहेत आणि त्यांतील बहुतेक एकाच कुळाची आहेत. सर्वांचा मिळून एक मांड आहे. मांड म्हणजे सारवलेली, वर्षभर जपलेली सामाईक जागा. शिगमो, म्हणजे फाल्गुनातला शिमग्याचा उत्सव, तेथेच होतो, बायकांच्या फुगड्या तेथेच रंगतात आणि वाड्याचे महत्त्वाचे निर्णयही तेथे बसूनच घेतले जातात. देवकार्य करणाऱ्या मुख्य पुरुषालाच वेळीप म्हणतात आणि मांडावर कोणी कधी उतरायचे हे त्याच्या शब्दावर ठरते. जन्माची सहावी रात्र, म्हणजे सटी, आणि बाराव्या दिवसाचे न्हाण व बारसे हे विधी एका घराचे असले तरी त्यांचा परिणाम साऱ्या कुळावर होतो, कारण बाळ-बाळंतिणीचे न्हाण होऊन सुयेर, म्हणजे जन्माचे सोयर, फिटेपर्यंत कुळातील माणसांनी मांडावर उतरायचे नाही, अशी या वाड्याची रीत आहे.

सटीची कल्पना मराठी वाचकाला नवी नाही. सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे नशीब लिहून जाते. त्या रात्री घर जागे असावे, दिवा तेवत असावा आणि बाळ एकटे नसावे. या वाड्यावर पाटाशेजारी सूप मांडतात, सुपात तांदूळ, नारळ आणि विडा ठेवतात, आणि शेजारपाजारच्या बायका ओव्या म्हणत रात्र काढतात.

अडचण

एकवीस-बावीस वर्षांच्या सुनेची ही पहिलीच खेप होती. फाल्गुनाच्या सुरुवातीला, तेहतिसाव्या आठवड्यातच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि १०८ च्या रुग्णवाहिकेने तिला शहरात आणण्यात आले. मुलगी जन्मली तेव्हा तिचे वजन १६२० ग्रॅम होते. श्वास ठीक होता, पण चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो, त्यामुळे बाळाला नळीने दूध द्यावे लागत होते. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवावे लागले. पाचव्या दिवशी वजन १५०० ग्रॅमवर आले होते. अशा बाळांचे वजन पहिल्या आठवड्यात उतरते, हे डॉक्टरांना अपेक्षितच होते. घरच्यांना मात्र तो आकडा पोर हातातून निसटत असल्यासारखा वाटला.

पाचव्या दिवशी दुपारी बाळाचा बाप डिस्चार्ज मागायला आला. लेखी द्यायलाही तो तयार होता. त्याच्या मागे त्याची आई, म्हणजे बाळाची आजी, उभी होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी संसर्ग, थंडी आणि दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका समजावून सांगितला. आजीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "सटी कोणाक रावना गे बाये." म्हणजे सटी कोणासाठी थांबत नाही. त्या एका वाक्यानंतर डॉक्टरांकडे बोलण्यासारखे काही उरले नाही, कारण त्यांनी दिलेली सारी कारणे शरीराची होती आणि आजीची चिंता बाळाच्या उभ्या आयुष्याची होती.

या घाईमागे आणखी दोन गोष्टी होत्या आणि त्या आम्हाला उशिरा कळल्या. पहिली शिगम्याची. आठवड्याभरात वाड्यावर शिगमो सुरू होणार होता. सून आणि बाळ रुग्णालयात अडकून पडले तर न्हाण कधी होणार, सुयेर कधी फिटणार आणि मांड कोण सांभाळणार, ही कुजबुज वाड्यावर सुरू झाली होती. बाळाच्या आजोबांकडे मांडावर ढोल आधी वाजवण्याचा मान आहे. सुनेचे दिवस पुरे भरले नाहीत म्हणून मांड अडला, असे बोलणे तिच्या कानापर्यंत पोचले होते.

दुसरी गोष्ट वारेची, म्हणजे प्लासेंटाची. पूर्वी घरी बाळंतपण झाले की वार घराजवळ पुरत असत. रुग्णालयात ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जाते आणि पुढे जाळून नष्ट केली जाते. आजीने प्रसूतीच्या दिवशी ती मागितली होती. "मिळत नाही," एवढेच उत्तर तिला मिळाले होते. एक विधी असा हातातून गेल्यावर दुसराही जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

गोव्यात या रात्रीला आणखी एक जुना संदर्भ आहे. इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, १७३६ च्या हुकूमनाम्याने जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्याशी निगडित अनेक देशी चालींवर बंदी घातली होती आणि त्यांत सहाव्या रात्रीचे जागरणही होते. केपे-काणकोणचा हा मुलूख त्या वेळी पोर्तुगीज अमलाखाली आलेला नव्हता. तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर मिळवलेल्या मुलखांत, आला आणि तेथल्या चाली बऱ्याच अंशी टिकल्या. एखाद्या संस्थेने कागद पुढे करून ही रात्र अडवण्याला आपल्या प्रदेशात असा भूतकाळ आहे, हे रुग्णालयात काम करणाऱ्याने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बापाने मागितलेला, म्हणजे लेखी घेऊन बाळाला घरी जाऊ देणे. नळीने दूध घेणाऱ्या, दीड किलोच्या बाळाला घाटरस्त्याने तासभर नेऊन जागरणाच्या घरात ठेवणे धोक्याचे होते. शिवाय सटीच्या रात्री बाळाला धुरी देण्याची चाल होती आणि अपुऱ्या दिवसांच्या फुप्फुसांना धूर मुळीच सोसत नाही. हा पर्याय कायद्याने खुला होता, पण तो टाळण्यासाठी शक्य ते सारे करायचे असे ठरले.

दुसरा पर्याय सटी कक्षातच करण्याचा. परिचारिकांची तयारी होती, परंतु ऑक्सिजनची जोडणी असलेल्या खोलीत दिवा लावता येत नाही आणि एका आईखेरीज कोणाला आत सोडता येत नाही. दिव्याविना आणि बायकांविना उरलेल्या विधीला आजीने सटी म्हटले नसते.

तिसरा पर्याय विधी पुढे ढकलण्याचा, म्हणजे बाळ घरी येईल त्या दिवसापासून सहावा दिवस मोजण्याचा. आमच्यापैकी बहुतेकांना हाच सर्वांत सोपा वाटला आणि एका डॉक्टरांनी तो बापाला सुचवलाही. बाप गप्प राहिला. दिवस कसे मोजायचे हे ठरवण्याचा अधिकार ना त्याला होता ना डॉक्टरांना, आणि या प्रकरणातला खरा पेच मला तेथे दिसला. आम्ही बापाशी बोलत होतो, कारण केसपेपरवर सही त्याची होती. निर्णय मात्र ज्यांच्या हाती होता, त्यांना कोणी अजून विचारलेच नव्हते.

आणि बाळाच्या आईला तर कोणीच विचारले नव्हते. त्या संध्याकाळी तिला एकटीला गाठून मी विचारले तेव्हा ती पटकन म्हणाली की तिला बाळाजवळ राहायचे आहे, पण हे सासूला तिच्या तोंडून कळता कामा नये. तिचे मत तिच्या नावावर न टाकता वाटाघाटीत कसे आणायचे, हा पुढचा प्रश्न होता.

केलेली कृती

त्याच संध्याकाळी बापाच्या फोनवरून वाड्यावरच्या वेळीपांशी बोलणे झाले. तेथे घराघरांत रेंज नसते, म्हणून कोणीतरी त्यांना वरच्या रस्त्यापर्यंत बोलावून आणले. "काका, बाळ अजून नळीने दूध पिते. आज हलवले तर आम्हाला भीती वाटते. तुमच्या रितीत यावर काही वाट आहे का?" एवढेच मी विचारले. सटी करावी की करू नये यावर मी काही सुचवले नाही आणि बाळाची आई काय म्हणते हेही सांगितले नाही. डॉक्टरांचा सल्ला तेवढा स्पष्ट सांगितला. त्यांनी बाळ श्वास नीट घेते का, आई हिंडू-फिरू शकते का आणि बाळाच्या अंगाला लागलेले एखादे कापड मिळेल का, हे विचारले. मग आजीला फोन द्यायला सांगितले. दोघांचे बोलणे बराच वेळ चालले.

ठरले ते असे. सटी ठरल्या रात्री घरीच होईल आणि बाळाच्या जागी पाटावर त्याचे दुपटे ठेवले जाईल. वेळीपांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वी एखादी बाई माहेरी बाळंत होऊन ओढ्याला पूर आल्याने अडकली की सासरच्या घरी असेच करत. म्हणजे वाट रितीत आधीपासूनच होती, फक्त ती माहीत असलेल्या माणसापर्यंत पोचावे लागले. रुग्णालयाने बाहेरून एखादी तडजोड सुचवली असती तर ती इतक्या सहज स्वीकारली गेली असती असे मला वाटत नाही.

परिचारिकेने बाळाच्या अंगावरचे दुपटे न धुता स्वच्छ पिशवीत घालून दिले. आजी त्याच संध्याकाळी घरी परतली. दुसऱ्या रात्री बायकांनी जागरण केले. एका मुलीने ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या आणि पहाटे रस्त्यावर येऊन पाठवल्या. सकाळी बाळाची आई त्या ऐकत बसली होती. बाळ तिच्या छातीशी होते.

छातीशी धरण्याची ही पद्धत म्हणजे कांगारू मातृसेवा. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे ती सुरू झाली आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांसाठी ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसातून ८ ते २४ तास द्यावी अशी शिफारस केली. बाळ उघड्या छातीवर उभे धरायचे, वरून कापडाने बांधायचे, डोके एका बाजूला वळलेले हवे, मान पुढे दुमडलेली किंवा मागे फार ताणलेली नको आणि नाक मोकळे हवे. आमच्याकडचे तयार पट्टे या सडपातळ मुलीला सैल पडत होते. आठव्या दिवशी आजी परत आली, तिने पट्टा दोन-तीनदा आवळून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग पिशवीतून आपले जुने, धुऊन मऊ झालेले कापड काढले, ते बाळाच्या पाठीखालून घेऊन सुनेच्या खांद्यावर आणले आणि तेथे देठली मारली. कुणबी-वेळीप बायका खांद्यावर साडीची जी गाठ मारतात तीच ही गाठ. परिचारिकेने खाली वाकून बाळाचे नाक, हनुवटी आणि पाय तपासले, गाठीत बोट घालून पाहिले आणि "असेच राहू द्या," म्हणाली. त्या दिवसापासून आजी कक्षाबाहेर बसून राहण्याऐवजी आत कामाची माणूस झाली. तीच वेळापत्रक पाळू लागली आणि सून थकली की आवश्यक ती स्वच्छता करून बाळ आपल्या छातीशी घेऊ लागली.

त्याच सुमारास बाळाची नाळ गळून पडली. परिचारिकेने वरिष्ठांना विचारून तो वाळका तुकडा गॉजमध्ये गुंडाळून आजीच्या हातात दिला. आजीने तो स्टीलच्या डबीत ठेवला आणि घरी गेल्यावर न्हाणीमागच्या माडाखाली पुरला. वार गेल्याचे दुःख त्याने पुरते भरून निघाले नाही, असे तिने नंतर सांगितले. पण काहीतरी घरी आले, एवढे समाधान तिला होते.

शिगम्याचा प्रश्न मात्र इतका सहज सुटला नाही. मांडावर दोन रात्री बैठक झाली. बाळाचे घर सुयेर पाळील आणि कुळातील बाकीची घरे स्नान करून मांडावर उतरतील, असा निर्णय झाला. काही वडीलधाऱ्यांना तो पटला नव्हता, तरी वेळीपांनी दिलेला शब्द सर्वांनी मानला. आजोबांना मात्र त्या वर्षी ढोल वाजवता आला नाही. पुतण्याने तो वाजवला. आजोबा अंगणात बसून आवाज ऐकत होते, असे मुलाने मला सांगितले. नातीच्या जिवापुढे हे मोठे नाही असे शहरातून म्हणणे सोपे आहे. वर्षाकाठी एकदा येणारा मान हुकल्याचे त्यांना लागले आणि ते लागणे रास्त होते.

निष्पत्ती

बाळाने बाराव्या दिवशी जन्मवजन परत गाठले, नळी निघाली आणि तेविसाव्या दिवशी १८८० ग्रॅम वजनावर ते आईसह घरी गेले. जाण्याआधी धुरीबद्दल आजीशी स्पष्ट बोलणे झाले. सुनेला शेक आणि गरम पाण्याचे न्हाण मिळेल, शेगडी बाळाच्या खोलीत येणार नाही, बाळाला दोन किलो होईपर्यंत फक्त कोमट पाण्याने पुसायचे आणि आईच्या दुधाशिवाय घुटी, मध काहीही द्यायचे नाही, असे ठरले. धुरीचे द्रव्य निखाऱ्यावर न टाकता पुरचुंडी करून दाराला बांधायचे, ही तोड आजीने स्वतःच काढली.

न्हाण आणि बारसे घरी आल्यानंतर पाचव्या दिवशी झाले. मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे. त्या दिवशी आलेल्या बायकांनी पुढच्या महिन्याची कामे आपसांत वाटून घेतली. पाणी कोण भरणार, लाकडे कोण आणणार, सकाळचे नाचण्याचे तिजाण आणि दुपारचे कुळथाचे सार कोणाच्या घरून येणार, हे सारे बारशाच्या पंगतीतच ठरले. सून रुग्णालयात असताना फार कमी बोलू लागली होती आणि कारणाशिवाय रडत होती. बाळंतपणानंतरचे औदासीन्य वाढेल अशी आम्हाला काळजी होती आणि पाठपुराव्यासाठी तिचे नाव नोंदवले होते. महिनाभराने ती आली तेव्हा तिची झोप आणि भूक परत आली होती. हे केवळ बारशामुळे झाले असे मी म्हणणार नाही; पण चार बायकांनी घरातले काम उचलले आणि अपुऱ्या दिवसांचे बोल थांबले, याचा त्यात वाटा होता असे तिचेच म्हणणे आहे.

एक अडसर मध्ये आला. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. ती तारीख बारशानंतर दुसऱ्याच दिवशी येत होती आणि बाळंतिणीने महिना उलटण्याआधी उंबरा ओलांडू नये, अशी घरची रीत होती. या वेळी फोन आजीनेच वेळीपांना केला. "आजारपण उंबरा मोजत नाही," असे ते म्हणाल्याचे तिने कळवले आणि तपासणी ठरल्या दिवशी झाली. पडदा व्यवस्थित होता.

वेगळे काय करता आले असते

सहावा दिवस कधी येणार हे जन्माच्या घटकेपासून माहीत असते, तरी संभाषण सुरू झाले पाचव्या दिवशी दुपारी. नवजात कक्षात बाळ दाखल करताना मागच्या आजारांची, रक्तगटाची, शिधापत्रिकेची माहिती विचारली जाते. "सहाव्या आणि बाराव्या दिवशी तुमच्या घरी काय असते आणि त्याबद्दल कोणाशी बोलावे?" हा प्रश्न त्याच वेळी विचारला असता तर डिस्चार्जची मागणी बहुधा आलीच नसती. त्या रुग्णालयाच्या अर्जात हा रकाना आजही नाही. एक परिचारिका मात्र आता केसपेपरच्या कोपऱ्यात तो स्वतःहून लिहिते.

बाळंतिणीचे मत स्वतंत्रपणे विचारणे पहिल्याच दिवशी व्हायला हवे होते. समाजाच्या ज्येष्ठांना निर्णयात आणणे योग्य ठरले, पण त्यात एक धोका आहे आणि तो झाकून चालणार नाही. वेळीप, आजी, बाप आणि डॉक्टर अशा चौघांच्या वाटाघाटीत एकवीस वर्षांची आई सहज मागे पडते. या वेळी वेळीपांचा निर्णय आणि तिची इच्छा एकच निघाली. ती वेगळी निघाली असती तर आमच्याकडे कोणतीही तयारी नव्हती. ज्येष्ठांना फोन करण्याआधी आईशी एकांतात बोलणे आणि तिने सांगितलेले कोणत्या रूपात पुढे न्यायचे हे तिच्याकडूनच ठरवून घेणे, हा क्रम पाळला पाहिजे.

धुरीचे बोलणे गरोदरपणातच, अंगणवाडीच्या किंवा उपकेंद्राच्या भेटीत, आजीच्या उपस्थितीत व्हायला हवे. बाळ घरी निघाले असताना, पिशव्या भरलेल्या असताना ते बोलणे करणे कठीण जाते. येथे ते निभावले याचे श्रेय आजीच्या समजूतदारपणाला आहे.

हेच उत्तर दुसऱ्या वाड्यावर चालेल असे धरू नये. शेजारच्या वाड्यावरच्या एका जाणत्या बाईला मी नंतर विचारले तेव्हा त्यांच्याकडे दुपट्यावर सटी होत नाही, बाळाच्या मामाला पाटाशी बसवावे लागते, असे तिने सांगितले.

वारेचा प्रश्न अजून तसाच आहे. नियम संसर्ग टाळण्यासाठी आहेत आणि ते मोडावेत असे कोणी म्हणत नाही. पण ती का देता येत नाही, तिचे पुढे काय होते आणि तिच्याऐवजी नाळ जपून देता येईल का, हे प्रसूतीआधी कुटुंबाला कोणी बसवून सांगत नाही. या प्रकरणानंतर त्याच तालुक्यातील आणखी एका कुटुंबाने वारेची मागणी लेखी केली आहे आणि त्या अर्जाला उत्तर काय द्यायचे यावर रुग्णालयात अजून निर्णय झालेला नाही.